आईचं लायसन, ऑटोमॅटिक गाडी: प्रकल्प नोंदी

१२ डिसेंबर

आईचं लर्निंग लायसन आलं! सारथी पोर्टलवर आधार जोडून घरातूनच परीक्षा दिली आईने. चिन्हांचा अभ्यास गेला आठवडाभर स्वयंपाकघरात चालू होता, गोल म्हणजे पाळायलाच पाहिजे, त्रिकोण म्हणजे सावध राहा, चौकोनी म्हणजे नुसती माहिती, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी चिन्हं न पाठ करताच ओळखू येतात. पास व्हायला ६० टक्के लागतात, तिला त्यापेक्षा बरेच जास्त मिळाले. वय ५२, म्हणजे ४० च्या पुढे, म्हणून डॉक्टरच्या सहीचा फॉर्म वन ए पण लागला, तो फॅमिली डॉक्टरने डोळे वगैरे नीट तपासून दिला.

आता ३० दिवस थांबायचं, त्याच्याआधी पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही, आणि लर्निंग सहा महिने चालतं. म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातला स्लॉट बघायचा. तोवर रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी आणि ती.

कशासाठी ते पण लिहून ठेवते. आम्ही जुळे सोलापूरला राहतो, तिचं ऑफिस अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. रोज स्कूटीवर शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ऊन असो पाऊस असो. पाठ दुखायला लागली तरी रिक्षाने जा म्हणलं की ऐकत नाही. आणि घरात गाडी उभी असते दिवसभर, कारण माझं काम घरूनच असतं.

१३ डिसेंबर

घरात आज पुन्हा तोच विषय. पप्पा आणि काका दोघांचं म्हणणं, शिकायचं तर मॅन्युअलवर शिकायचं, मग कुठलीपण गाडी चालवता येते, ऑटोमॅटिक म्हणजे काय शिकणं का. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पण हेच म्हणाले, त्यांच्याकडे ड्युअल ब्रेकवाल्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली पण ब्रेक असलेल्या, सगळ्या गाड्या क्लचच्याच आहेत.

मला हे पटत नाही. आपल्याकडे कारचं लायसन एलएमव्ही, म्हणजे हलकं वाहन, म्हणून मिळतं, त्यात ऑटोमॅटिकचं वेगळं आणि गिअरचं वेगळं असं नसतं. टू-व्हीलरला गिअरची आणि बिनगिअरची असा फरक आहे, कारला नाही. आईने काही वर्षांपूर्वी क्लास लावला होता, क्लच आणि गिअरच्या नादात तिला रस्ता बघायला वेळच मिळायचा नाही, सगळं लक्ष पायात, आणि तिने सोडून दिलं. त्यात तिची चूक काय? जी गाडी तिला रोज चालवायची आहे तीच तिने शिकावी, आणि नीट शिकावी. क्लच नाही म्हणून शिकण्यासारखं काही उरत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आसरा पुलाच्या चढावर संध्याकाळी सहा वाजता ऑटोमॅटिक उभी करून दाखवावी.

आमची गाडी एएमटी आहे. म्हणजे आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच पण आहे, फक्त तो दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतं. भारतात २०१४ ला सेलेरिओमधून ही पद्धत आली आणि त्यामुळे ऑटोमॅटिक आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये बसली. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर ह्या ऑटोमॅटिकच्या वेगळ्या पद्धती, त्यांना पी म्हणजे पार्किंग असतो, आमच्या गाडीत पी नाहीच, आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (पुढे जायचा) आणि एम (गिअर आपण हाताने बदलायचा) एवढंच.

१४ डिसेंबर, रविवार

पहिला दिवस. पुढे आणि मागे एल लावला, पांढऱ्यावर लाल, नियमात १८ सेंटीमीटरचा चौकोन सांगितलाय. लायसन असलेला माणूस शेजारी पाहिजे आणि तो गाडी थांबवू शकेल असा बसलेला पाहिजे. आपल्या घरच्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नाही, म्हणून माझा उजवा हात पूर्णवेळ हँडब्रेकवर, मोबाईल मागच्या सीटवर टाकलेला.

आमच्या मागे नवीन प्लॉटिंग झालंय तिथे गेलो, रस्ते पडलेत, घरं अजून नाहीत, चारदोन शेळ्या सोडल्या तर कोणी नसतं.

आधी गाडी चालूच केली नाही. सीट पुढे घेतली, तिची उंची कमी आहे, ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे. मग चप्पल! घरातली सपाट स्लिपर घालून आली होती, ती पायातून निसटून ब्रेकच्या खाली गेली तर ब्रेक दाबलाच जाणार नाही, ते तिला हाताने पेडलखाली चप्पल सरकवून दाखवलं. बघितल्यावर एकदम गप्प झाली आणि स्वतःच म्हणाली की उद्यापासून बूट. साडीच्या निऱ्यांचं पण बघायचं आहे, ऑफिसला साडीच नेसते ती.

मग ब्रेक दाबून, एनमध्ये, स्टार्ट. डीमध्ये टाकलं. ब्रेक सोड म्हणलं, हळूच. गाडी निघाली.

"अगं, मी काहीच केलं नाही, हे आपोआप पुढं जायलंय की!"

हेच. ऑटोमॅटिक म्हणजे हेच. क्लचच्या गाडीत नवीन माणूस गडबडला तर गाडी बंद पडते, धक्का बसतो, पण थांबते. इथे डीमध्ये ब्रेक सोडला की गाडी निघाली, तुमचं बघून झालेलं असो किंवा नसो. म्हणून आजचा एकच नियम लिहिला आणि डॅशबोर्डवर कागद चिकटवला: ब्रेक सोडायच्या आधी सगळं बघून झालं पाहिजे. आरसा, सिग्नल, मागे वळून उजव्या खांद्यावरून नजर, मग पाय.

१७ डिसेंबर

तीन सकाळी नुसता ब्रेक. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय लावायचा नाही असं ठरवलंय. सपाट रस्त्यावर एएमटी चालत्या माणसाच्या वेगाने स्वतःच सरकते, आणि सगळा खेळ तो वेग ब्रेकने कमी जास्त करण्याचा. रस्त्यावर विटांचे तुकडे ठेवले, बंपर अगदी त्या रेषेत आणून थांबव. मग त्याच्या आधी वीतभर थांबव. मग न थांबता, एकदम गोगलगायीसारखी, तिथून पुढे ने.

पहिल्या दिवशी डोकं पुढे हापटत होतं दोघींचं. काल तिला म्हणलं, आई तुझी मोटरवाली शिलाई मशीन आठव, कॉलर शिवताना पेडलवर पाय कसा ठेवतेस, एकेक टाका. त्यानंतर जे बदललं ते बघून मलाच भरून आलं. तो पाय तिला आयुष्यभर येतोच, तो फक्त इथे आणायचा होता.

टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकलेली, पंजा फिरवून ॲक्सिलरेटर. टाच उचलायची नाही. घाबरल्यावर माणूस जो पेडल पायाखाली असेल तो जोरात दाबतो, ऑटोमॅटिकमध्ये भयानक अपघात ह्याच्यातून होतात, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर. टाच ब्रेकसमोर असेल तर पाय आपोआप ब्रेकवर परत येतो. आणि डावा पाय डावीकडे टेकवून ठेवायचा, त्याला काम नाही. आईला क्लचची सवयच लागलेली नाही त्यामुळे तिचा डावा पाय शांत बसतो. पप्पांना परवा चालवायला दिली तर सिग्नलला त्यांचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर आदळला!

१९ डिसेंबर

आज फक्त पार्किंग आणि बंद करणं. पी नसल्यामुळे: ब्रेक, हँडब्रेक, गिअरमध्येच ठेवून चावी बंद. एनमध्ये सोडून नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर उतरायचं नाही. डीतून आर किंवा आरमधून डी गाडी पूर्ण थांबल्यावरच. एवढंच, गाडी दुपारी सर्व्हिसिंगला दिली.

२४ डिसेंबर

पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर, विजापूर रोडने संभाजी तलावापर्यंत आणि परत. सकाळी सातची वेळ, थंडी, तलावाकडे फिरायला जाणारी माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूला आणि कुत्री मध्ये.

एएमटीची एक खोड इथे कळते. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी क्षणभर विचार करते आणि मग निघते, त्यात पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना एक झटका बसतो. झटक्याला उपाय सोपा, गिअर बदलणार असं वाटलं की पाय किंचित हलका करायचा, दोन दिवसात जमतं. पण तो उशीर लक्षात ठेवूनच रस्ता ओलांडायचा. स्कूटीवर आईला सवय आहे की फट दिसली की पिळलं ॲक्सिलरेटर आणि गेली, तशी फट गाडीला पुरत नाही. यू-टर्नला तिने आज समोरून येणारा टेम्पो लांब असतानाच निघायचं ठरवलं आणि गाडी निघेनिघेपर्यंत टेम्पो जवळ आला, मी हँडब्रेक ओढायच्या आधीच तिने ब्रेक दाबला होता. ब्रेकवर तीन दिवस घालवले ते वाया गेले नाहीत.

२८ डिसेंबर, रविवार

होटगी रोडने बाहेर. ऊसाचा सीझन ऐन भरात आहे, ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला लोंबलेला, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. सोलापूरच्या माणसाला गाडी शिकवायची आणि ऊसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक शिकवायचा नाही असं होऊच शकत नाही.

तिला सांगितलं, ट्रॅक्टर ओलांडायचा म्हणजे एक गाडी ओलांडायची नाही, तीन ओलांडायच्या, समोरचा रस्ता तेवढा मोकळा दिसला पाहिजे. आणि चिकटून मागे राहायचं नाही, लांब राहिलं तरच पुढचं दिसतं, शिवाय ट्रॉलीतून ऊस पडतो. उजवा सिग्नल, आरसा, खांद्यावरून नजर, हॉर्न, मग पाय जरा जोरात दाबायचा म्हणजे गाडी स्वतः खालचा गिअर घेते. आज एकदाही ओव्हरटेक केला नाही तिने. मागेच राहिली, कारखान्याकडे ट्रॅक्टर वळेपर्यंत. मागून हॉर्न वाजवत होते लोक. मी तिला काही बोलले नाही कारण तिचं बरोबर होतं, समोर वळण होतं.

३ जानेवारी

चढ. ह्याच्यासाठी दोन दिवस राखून ठेवले होते.

मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १५ वाचून काढला, टेस्टमध्ये काय काय बघतात ते तिथे लिहिलेलं आहे. आरसा लावणं, निघण्याआधीची काळजी, वळणं, इमर्जन्सी ब्रेक, रिव्हर्समध्ये अरुंद जागेत घालणं, हाताचे आणि लाईटचे सिग्नल, आणि चढावर थांबून मागे न सरकता परत निघणं. गिअर बदलण्याचा भाग सोडला तर बाकी सगळं ऑटोमॅटिकला जसंच्या तसं लागू आहे. पप्पांना हे वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आमच्याबरोबर मागच्या सीटवर येऊन बसले.

आमच्या गाडीला हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवायची सोय, नाही. सपाट रस्त्यावर जी गाडी आपोआप पुढे जाते तीच चढावर ब्रेक सोडला की मागे जाते, हे नवीन शिकणाऱ्याला खरंच वाटत नाही. आधी प्लॉटिंगमधल्या छोट्या चढावर, मागे कोणी नाही बघून, तिला मुद्दाम मागे सरकू दिलं वीतभर. मग पद्धत: ब्रेक दाबून हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर, थोडं दाबायचं, इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे जायला बघते पण हँडब्रेकने धरलेली असते, ते सीटमध्ये जाणवतं, तेव्हा हँडब्रेक हळू खाली. आणि चढावर गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही कधीच, आत क्लच घासतो आणि तापतो. थांबायचं तर ब्रेकवर.

मग आसरा पूल. रेल्वेवरून जातो, अरुंद, दोन्हीकडून गर्दी. चढाच्या मध्यावर पुढची रिक्षा थांबली, आपण थांबलो, मागे बंपरला चिकटून एक बुलेट. आईचे ओठ हलत होते, सगळ्या स्टेप्स ती स्वतःशी पुटपुटत होती, हँडब्रेक, पाय, आवाज, सोड. निघाली. एक बोट मागे नाही. मागून पप्पांचा आवाज आला, "जमलं की गं."

८ जानेवारी

रिव्हर्स. आरमध्ये पण गाडी आपोआप सरकते, त्यामुळे इथे ॲक्सिलरेटर लागतच नाही, नुसता ब्रेक, म्हणून माझ्या मते रिव्हर्स ऑटोमॅटिकवर शिकायला सोपं आहे आणि इथे आई खरंच छान करते. पाण्याचे रिकामे कॅन ठेवून गल्ली केली, इंग्रजी आठ काढला, एस काढला. फक्त मान वळवायचा कंटाळा करते, कॅमेऱ्याकडे बघते. मी कॅमेऱ्यावर रुमाल टाकला.

११ जानेवारी, रविवार

दोन तीन दिवस मोठ्या रस्त्यावर जायचं नाही असं ठरवलं. सिद्धेश्वरांची यात्रा, शहरात नंदीध्वजांच्या (उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुका, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार भरलाय, रस्ते बंद आणि वळवलेले. अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या लग्नाला, आई दरवर्षी जाते, चालत जाणार. घरी शेंगा सोलत हाताचे सिग्नल म्हणून घेतले.

१८ जानेवारी

काकांनी मॉक टेस्ट घेतली, अगदी कडक, फाईल घेऊन शेजारी. पुढे गल्लीतल्या पोराने सायकल आडवी घातली ते ठरवलेलं नव्हतं पण तिथे ब्रेक बरोबर लागला. काका म्हणाले, "वहिनी, मी उगाच मॅन्युअल मॅन्युअल करत होतो." आईने त्यांना हुरडा दिला.

टेस्टला स्वतःची गाडी न्यायची आहे त्यामुळे गाडीचे कागद: आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. पीयूसीची तारीख बघा सगळ्यांनी, आमची संपायला आली होती.

२१ जानेवारी

आरटीओ, विजापूर रोड. नापास.

काय झालं ते नीट लिहिते. वळणं चांगली, रिव्हर्स चांगला, चढावर तर टेस्ट घेणारे साहेब मान हलवत होते. मग साहेबांनी कडेला थांबवायला सांगितलं, काहीतरी लिहिलं, आणि "चला" म्हणाले. त्यांनी चला म्हणल्याबरोबर आईने ब्रेक सोडला. गाडी सरकली. सिग्नल नाही, मागे बघितलं नाही, आणि त्याच वेळी उजवीकडून एक टू-व्हीलर गेली. लागली नाही, पण त्यांनी तिथेच थांबवलं.

आई रडली नाही. गाडीत येऊन बसली, डॅशबोर्डवरच्या कागदाकडे बघितलं. मला त्या साहेबांचा अजिबात राग नाही, रस्त्यावर तीच गोष्ट जीव घेते. पण "चला" म्हणलं की निघणं ही माणसाची इतकी आतली सवय आहे की नुसतं समजावून ती जात नाही, ती मोडावी लागते.

पुन्हा टेस्ट सात दिवसांनंतरच देता येते, फी पण परत भरायची, टेस्टचे ३०० रुपये. २९ चा स्लॉट मिळाला. (तीनदा नापास झालं तर मग ६० दिवस थांबावं लागतं, ते तिला सांगितलं नाही.)

२३ जानेवारी

नवीन सराव काढला. गाडी कडेला उभी, डीमध्ये, पाय ब्रेकवर. मी कधीही, काहीही बोलता बोलता मध्येच "चल" म्हणायचं. आईने निघायचं नाही. आधी मोठ्याने म्हणायचं: आरसा, सिग्नल, खांदा, मोकळं. मगच पाय. पप्पा पण मागून ओरडतात, "चला चला लवकर!", मागून हॉर्न वाजवल्यासारखे आवाज काढतात. शेजारच्या काकूंना वाटलं भांडण चालू आहे.

पहिल्या दिवशी तिचा पाय बऱ्याचदा हलायचा. आता "चल" म्हणलं की आधी मान फिरते.

२९ जानेवारी

पास!!

ह्या वेळी दुसरे साहेब होते. त्यांनी "हां घ्या पुढे" म्हणल्यावर आई पूर्ण मान वळवून मागे बघत बसली कारण एक शाळेची व्हॅन येत होती, ती जाऊ दिली, मग निघाली. साहेबांनी विचारलं, "गाडी रोज चालवणार का?" तर म्हणाली, "हो, ऑफिसला, अक्कलकोट रोडला." पन्नाशी ओलांडलेली पण पंचावन्नच्या आत, त्यामुळे लायसन तिला ६० वर्षांची होईपर्यंतचं मिळेल. कार्ड पोस्टाने येईल. पप्पांनी येताना पेढे आणले, आणि आईने गाडी चालवत घरी आणली, एल अजून लावलेलाच होता, कार्ड हातात किंवा डिजीलॉकरमध्ये दिसेपर्यंत काढायचा नाही म्हणाली.

१ फेब्रुवारी, रविवार

ऑफिसचा पूर्ण रस्ता सुट्टीच्या दिवशी करून बघितला. आसरा, कुमठा नाका, गुरुनानक चौक, शांती चौक, एमआयडीसी. कुठे कुठली लेन धरायची, कुठे शेअर रिक्षा अचानक थांबतात, कारखान्याच्या गेटमध्ये वळताना मागचे टू-व्हीलरवाले डावीकडून घुसतात, हे सगळं तिने स्वतः वहीत लिहिलं, मी नाही.

पुढचं काम तुळजापूर. घाट चढायला काही विशेष नाही, उतरताना मात्र डीमध्ये सोडून सारखा ब्रेक धरून बसायचं नाही, ब्रेक तापतात. एममध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवायचा, इंजिनच गाडीला आवरतं. एमला आपण अजून हातच लावलेला नाही, तो ह्या आठवड्यात आधी प्लॉटिंगच्या चढावर घ्यायचा.